मृणालिनीबाई आणि दोस्त राष्ट्रं

इतिहासाच्या बाईंशी माझं कधी जमलं नाही. शाळेत सनावळ्यांनी माझा जीव खाल्ला होता. त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या यामिनीनं जेव्हा सांगितलं, की माझी आई बाळंतपणाला येतेय आणि ती अमरावतीला मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवायची, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता चहाबरोबर पानिपत.

पण मृणालिनीबाई वानखडे पानिपताच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. त्यांचा जीव दहावीच्या पुस्तकातल्या एकाच धड्यात अडकलेला होता. दुसरं महायुद्ध संपलं आणि शीतयुद्ध सुरू झालं, ती मधली दोन-तीन वर्षं. "लढले कसे हे कोणीही सांगेल," त्या म्हणायच्या. "जिंकल्यावर बिनसलं कसं ते बघ. खरी गंमत तिथे आहे."

गंमत हा त्यांचा शब्द. मला त्यात आजही गंमत दिसत नाही.

हे २००२ सालचं डब्लिन. ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं. मी, सुलेखा, इथे बारा-तेरा वर्षं मुरलेली. एका इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात काम करत होते. दर शुक्रवारी कोणीतरी आपल्या टेबलावरचे फोटो खोक्यात भरून बाहेर पडायचं आणि बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसायचे. यामिनीच्या कंपनीत तर महिन्याआड कात्री चालत होती. ती एच-वन व्हिसावर. नोकरी गेली की देशही गेला. नवरा सौमित्र पेंडसे कन्सल्टिंगमध्ये. सोमवारी विमानानं क्लायंटच्या गावी जायचा, तो गुरुवारी उगवायचा.

अशा घरांत आमच्याकडे आज्यांची पाळी असते. व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळतो. आधी मुलीची आई येते, ती गेली की मुलाची आई. असं वर्ष निभतं. वर्षाचं मूल डेकेअरमध्ये टाकताना आईचा जीव तुटतो, पण जरा कमी. हा करार कुठे लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. मृणालिनीबाई ऑगस्टमध्ये आल्या, सप्टेंबरमध्ये अनुप झाला. फेब्रुवारीत त्या जाणार आणि पुण्याहून सौमित्रची आई पद्मिनीताई येणार, असं ठरलेलं होतं.

आणि या दोघी एकमेकींच्या वैरिणी होत्या असं कोणी समजू नये. यामिनी-सौमित्रचं लग्न निघालं तेव्हा सौमित्रच्या आजोबांनी 'आपल्यातली नाही' म्हणून जेवण टाकलं होतं. पद्मिनीताईंनी सासऱ्यांपुढे कधी मान वर केली नव्हती, ती तेव्हा केली. अमरावतीहून मृणालिनीबाई रोज फोन करून त्यांना बळ द्यायच्या. वर्षभरानं म्हातारा हरला आणि लग्नात जिलब्या हाणून गेला. दोघी विहिणी मांडवात गळ्यात गळा घालून रडल्या. "आम्ही दोस्त राष्ट्रं होतो बरं का," मृणालिनीबाई सांगायच्या, आणि हसायच्या. नंतर नंतर सांगायच्या, पण हसायच्या नाहीत.

बिनसलं ते पाळण्यावरून. पद्मिनीताईंचे शेजारी पुणं सोडून चालले होते. जाताना त्यांनी आपला सागवानी पाळणा यांना दिला. पद्मिनीताईंनी फोनवर कौतुकानं सांगितलं, "पाळणा आलाय हं घरात." दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाई माझ्या दारात.

"बाळ इथे अन् पाळणा पुण्यात. कशासाठी?"

"मिळाला म्हणून घेतला असेल," मी म्हटलं.

"मिळालेली वस्तू माणूस माळ्यावर टाकतो. फोन करून सांगत नाही. ती माझ्या नातवाला घेऊन जायच्या तयारीत आहे, सुलेखा."

शंका अगदीच हवेतली नव्हती. आमच्या कॉम्प्लेक्समधली दोन तान्ही बाळं त्या वर्षी आज्यांबरोबर भारतात गेली होती. 'दोन वर्षांसाठी', 'जॉब जरा स्टेबल होईपर्यंत'. त्यातल्या एका आईला मी ट्रेडमिलवर चालता चालता रडताना पाहिलंय. ती थांबत नव्हती आणि पट्टाही थांबत नव्हता. यामिनीनं तेव्हाच मला सांगितलं होतं, "काकू, काहीही झालं तरी मी अनुपला नाही पाठवणार." मला तिचा शब्द खरा वाटला होता, कारण तिलाही तो खरा वाटत होता.

मृणालिनीबाईंनी मग खबरदारी म्हणून यामिनीच्या मागे लागून, इथे जन्मून अमेरिकन झालेल्या अनुपचा पासपोर्ट काढवला आणि त्यावर भारताचा व्हिसा आणवला. त्यांच्या मते ते संरक्षण होतं. वेळ आलीच तर आपण अडलेलं नसावं, इतकंच. सौमित्रनं हे फोनवर आईला सहज सांगितलं. पोरगं कर्तबगार आहे, पण काय सांगावं आणि काय गिळावं याची अक्कल त्याला देवानं दिली नाही. व्हिसा म्हणजे प्रवास, हे कळायला पद्मिनीताईंना इतिहास शिकावा लागला नाही. त्यांनी फेब्रुवारीचं तिकीट बदललं आणि डिसेंबरमध्येच येऊन थडकल्या. दोन पाळ्या एकाच वेळी खर्ची पडायला लागल्या. एकामागून एक बसल्या असत्या तर ऑगस्टपर्यंत पुरल्या असत्या. आता दोघींची मिळून मुदत जूनमध्येच संपणार होती. हे मला दिसत होतं, यामिनीला दिसत होतं. त्या दोघींना फक्त एकमेकी दिसत होत्या.

दोन बेडरूमचा अपार्टमेंट. बाहेर बर्फ. गाडी चालवता येत नाही, आणि आमच्या रस्त्यांना फुटपाथ नावाची गोष्टच नाही. सोमवार ते गुरुवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या दोघी आणि एक बाळ. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. "अहो, राहू द्या, मी करते," "छे छे, तुम्ही दमला असाल," असंच सगळं. पण मृणालिनीबाई अनुपला आंघोळ घालत तर टाळू भरायचा हक्क पद्मिनीताई सोडत नसत. एकीनं वरण मऊ केलं की दुसरी पेज करायची, आणि पोराला तर अजून दात नाहीत, वरण नाही, पेज नाही, तो नुसता आईच्या दुधावर, दिवसा तिनं बाटलीत काढून ठेवलेल्या. ते सगळं सौमित्र येऊन खायचा. त्याचं वजन वाढलं.

माझी मुलगी मैत्री तेव्हा हायस्कूलमध्ये होती. शीतयुद्ध कोणी सुरू केलं, यावर तिला निबंध लिहायचा होता. मी तिला समोर पाठवणार होते, पण मृणालिनीबाई म्हणाल्या, "मीच येते. तेवढंच घराबाहेर." त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आणि मी पहिल्यांदा त्यांना शिकवताना पाहिलं. एकही सन आधी सांगितला नाही. आधी माणसं कशी घाबरली ते सांगितलं.

"बघ मैत्री, रशियावर पश्चिमेकडून पुन्हा पुन्हा स्वारी झाली. कोट्यवधी माणसं मेली. त्यामुळे त्यांना शेजारचा पोलंड आपल्या मुठीत हवा होता. त्यांच्या मते ती भिंत. अमेरिकेला वाटलं, ही पुढे सरकायची पायरी. अमेरिकेनं मग युरोपला सावरायला मदत देऊ केली. तिच्या मते तो हात. रशियाला वाटलं, हा फास."

मग त्यांनी दोन तारांची गोष्ट सांगितली. एक अमेरिकन अधिकारी मॉस्कोत बसून आपल्या सरकारला भलीमोठी तार पाठवतो, की या लोकांना आपल्याबरोबर नांदायचंच नाही, यांना रोखलं पाहिजे. ती तार जगभर गाजली. पण त्याच वर्षी, १९४६ साली, रशियाचा राजदूत वॉशिंग्टनहून आपल्या सरकारला तसंच लांबलचक कळवतो, की या लोकांना सगळं जग घशात घालायचंय. "ही दुसरी तार आमच्या पुस्तकात नव्हती," बाई म्हणाल्या. "कित्येक वर्षं दडवून ठेवली होती. मला इथल्या लायब्ररीत वाचायला मिळाली. वाचून मी हादरले. नुसती नावं बदला, तीच तार."

"सो बोथ साइड्स वेअर जस्ट स्केअर्ड?" मैत्रीनं विचारलं.

"हो. आणि भ्यालेल्या माणसाला नीट वाचता येत नाही. तो समोरच्याच्या प्रत्येक ओळीत आपली भीतीच वाचतो."

"देन व्हाय डिडन्ट दे जस्ट टॉक?"

"बोलले की. याल्टाला बोलले, पॉट्सडॅमला बोलले. एकत्र जेवले, फोटो काढले. बोलून काय होतं बेटा, विश्वास नसला की?"

मैत्रीला निबंधात ए मिळाला. मला मात्र राग आला होता. इतकं लख्ख कळणारी बाई घरी जाऊन तेच करते, याचा. त्यांना दारापर्यंत सोडताना मी ते बोलूनही दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही.

त्या चिडल्या नाहीत. जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "मला कळत नाही असं वाटतं तुला? रोज कळतं. मला न्यायचंच नाहीये त्याला. माझे गुडघे गेलेत, घरात मी एकटी. अन् पोरगं आईच्या अंगावर पितंय, त्याला तोडून नेऊ? पण मी फेब्रुवारीत मोकळ्या हातानं गेले, की ती जूनमध्ये त्याला पुण्याला नेणार. मग तो पेंडशांचा होईल. माझ्या यामिनीला सहा महिन्यांनी एकदा फोटो पाठवतील. मी नेला तर निदान तिचं मूल तिचं राहील."

"त्या नेणारच हे कशावरून?"

"पाळणा," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी पद्मिनीताईंना भारतीय दुकानात घेऊन गेले. मुद्दामच. कढीपत्ता निवडता निवडता त्या बोलायला लागल्या. "सुलेखाताई, खरं सांगू? मला काही पेलणार नाही हो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, यांची बायपास झालेली. आणि आईपासून लेकरू तोडायचं म्हणजे... पण मी गप्प बसले तर विहीणबाई त्याला घेऊन जाणार. व्हिसा आणून ठेवलाय त्यांनी. मग मला नातू दिसायचा नाही."

माझ्या हातातली पिशवी मी तिथेच खाली ठेवली. दोघींना नको आहे आणि दोघी नेणार आहेत. यापुढे गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी पद्मिनीताईंना तिथल्या तिथे सांगितलं, मृणालिनीबाईंनाही न्यायचं नाहीये, त्यांनी स्वतः मला सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हाला तसं म्हणाल्या? म्हणजे तुम्ही मला येऊन सांगाल म्हणूनच म्हणाल्या." घरी येऊन मी मृणालिनीबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा एक क्षण उजळला, मी पाहिला तो. मग विझला. "ती तुझ्यामार्फत मला बेसावध करून राहिली, सुलेखा. आता तर मला तिकिटाचं बघायलाच हवं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्या गावात तेव्हा सगळ्यांनाच वाटत होती म्हणा. इराकवर जायच्या तयारीच्या बातम्या दिवसभर चालायच्या. कोणाकडे लपवलेली शस्त्रं आहेत का नाहीत, यावर तज्ज्ञ ओरडायचे. सरकारनं दहशतवादी हल्ल्याचा नारिंगी इशारा दिला आणि लोकांनी दुकानांतून प्लास्टिकचे तागे आणि चिकटपट्टीची रिळं उचलून नेली, विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद करायला. आमच्या खालच्या म्हाताऱ्या बाईनं खरंच खिडक्या चिकटवून टाकल्या आणि दोन दिवसांनी श्वास कोंडतो म्हणून स्वतःच उपटून काढल्या.

मृणालिनीबाईंनी आपल्या परतीच्या विमानात अनुपची सोय करून घेतली. यामिनीनं नाही म्हटलं. पहिल्यांदा ठाम, मग रडून, मग नुसतं मान हलवून. कारण आता दोन्हीकडून एकच गोष्ट तिच्या कानावर आदळत होती. आई म्हणे, आत्ताच नेऊ दे, मोठा झाला की जास्त रडेल. सासू म्हणे, पाठवायचंच असेल तर जूनपर्यंत थांब, मी नेते. 'पाठवायचंच असेल तर' हे कोणी ठरवलं, हे तिला आठवेना. पाठवायचं का, हा प्रश्न कधी संपला आणि कोण नेणार हा कधी सुरू झाला, ते कोणालाच सांगता आलं नसतं. त्यात तिच्या मॅनेजरनं बोलावून विचारलं, फीनिक्सचा प्रोजेक्ट आहे, दर आठवड्याला प्रवास, जाशील का? जे प्रवासाला नाही म्हणत होते त्यांची नावं कपातीच्या पुढच्या यादीत यायची. मूल जाणारच आहे तर निदान नोकरी तरी राहू दे, असं म्हणून ती हो म्हणाली. सौमित्र म्हणाला, "तुला ठीक वाटेल ते कर यार." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

निघायच्या दिवशी सौमित्र क्लायंटच्या गावी होता. सोमवारीच पोराचे मुके घेऊन गेला होता. मी माझ्या व्हॅनमधून सगळ्यांना कोलंबसच्या विमानतळावर नेलं.  वाटेत अनुप मजेत होता, स्वतःच्या मुठीकडे बघून हसत होता.

अकरा सप्टेंबरनंतर पोचवायला आलेल्यांना तपासणीच्या पुढे सोडत नाहीत. पूर्वी गेटपर्यंत जाऊन काचेतून हात हलवता यायचा. आता एका दोरीपाशी सगळं संपतं. दोरीच्या अलीकडे यामिनीनं एका बाकावर बसून अनुपला शेवटचं पाजलं. शाल अंगावर ओढून, मान खाली घालून. आम्ही तिघी तिच्याभोवती आडोसा करून उभ्या राहिलो. तो पिता पिता झोपला. तिनं त्याला आईच्या हातात दिलं आणि हात तसेच पुढे धरून बसली.

मृणालिनीबाईंनी नातवाकडे पाहिलं, मग लेकीच्या त्या हातांकडे. त्या रांगेकडे वळल्या नाहीत. पद्मिनीताईंकडे वळल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मला नाही न्यायचं याला."

आयुष्यात मी इतकं अवघड वाक्य कोणाला बोलताना ऐकलेलं नाही.  माझ्या मनात आलं, सुटलो. आता पद्मिनीताईंनी फक्त म्हणायचंय, मलाही नाही.

पद्मिनीताईंचा चेहरा फुलला. डोळे भरून आले. त्या झटकन पुढे झाल्या, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "मग द्या माझ्याकडे."

मृणालिनीबाई एक पाऊल मागे सरकल्या. पसरलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मला त्यांचा चेहरा बदलताना दिसला, आणि मी "अहो बाई, ऐका" म्हणेपर्यंत तो बदलून झाला होता. त्यांनी अनुपला छातीशी घट्ट धरलं, इतकं की तो झोपेतच कुरकुरला. "नको," त्या म्हणाल्या. "ठरलंय ते ठरलंय." पर्स खांद्यावर नीट केली, पासपोर्ट पुढे केले आणि आत गेल्या. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जाता आलं नसतं, एवढं मला त्यांच्याबद्दल कळतं.

परत येताना पद्मिनीताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. यामिनी मागे, अनुपच्या रिकाम्या सीटशेजारी. तिच्या कुर्त्याचा पुढचा भाग ओला होत चालला होता आणि तिनं शाल घेतलेली नव्हती. हायवेला लागल्यावर पद्मिनीताईंना हुंदका आवरेना.

"मी त्याला इथेच ठेवणार होते हो," त्या म्हणाल्या. "यामिनीपाशीच. जूनपर्यंत मी सांभाळलं असतं, पुढचं पुढे. मी हात पसरले ते त्यासाठी. पुण्याला नेऊन मी काय करणार होते? तो पाळणा तर मी कधीच देऊन टाकलाय."

आरशात मला यामिनी दिसली. ती सासूच्या पाठीकडे बघत होती.

मी पुढच्याच एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि कडेला थांबवली. विमान सुटायला अजून अवकाश होता. "यामिनी," मी म्हटलं, "वळवू? आत्ता पोचू आपण."

 पद्मिनीताई रडायच्या थांबल्या होत्या आणि मागे वळून तिच्याकडे पाहत होत्या.

"आत सोडणार नाहीत, काकू," ती म्हणाली. "आईकडे सेलफोन नाही. आणि तिला बाहेर बोलावून आणलं, तरी सोमवारपासून मी फीनिक्सला आहे. सौमित्र तिकडे, मी तिकडे. या एकट्या घरात. त्याला ताप आला तर ड्राइव्ह कोण करणार?"

"तू नाही सांग प्रोजेक्टला."

"मी हो म्हणून बसलेय," यामिनी म्हणाली. "तो जाणार होता म्हणून."

मागून आलेल्या गाडीनं हॉर्न दिला. मी सिग्नल दाखवला आणि घराच्या रस्त्याला लागले.